सहा गुण, पंधरा दिवस

१३ नोव्हेंबर २००७, मंगळवार. अमेरिकेत ‘केन अँड लिंच: डेड मेन’ हा व्हिडिओ गेम दुकानांत आला आणि गेमस्पॉट या संकेतस्थळावर त्याचे परीक्षण प्रसिद्ध झाले. परीक्षक जेफ गर्स्टमन. हुद्दा संपादकीय संचालक, नोकरी अकरा वर्षांहून अधिक. गुण दहापैकी सहा. २८ नोव्हेंबरला, बुधवारी, गर्स्टमनला कामावरून काढण्यात आले.

या दोन तारखांबद्दल वाद नाही. मधल्या पंधरा दिवसांबद्दल मात्र गेमिंगच्या जगात एकच गोष्ट सांगितली जाते: जाहिरातदार रागावला, त्याने फोन फिरवला, संपादकाचा बळी गेला. गोष्ट झकास आहे. सांगायला सोपी, खलनायक आधीच ठरलेला, आणि ऐकणाऱ्याच्या मनात पैशाविषयी असलेला संशय खरा ठरवणारी. इतकी गुळगुळीत गोष्ट हाती आली की ती उलटीपालटी करून पाहावीशी वाटते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती खोड आपल्याला लावूनच ठेवली आहे: बखर समोर आली की आधी विचारायचे, त्या दिवसांतला अस्सल कागद कुठे आहे?

पहिला कागद म्हणजे ते परीक्षणच. गेम कोपनहेगनच्या आयओ इंटरॲक्टिव्हने बनवलेला. ‘हिटमॅन’ मालिकाही यांचीच, त्यामुळे नाव मोठे आणि अपेक्षाही तेवढ्याच. प्रकाशक ब्रिटिश कंपनी आयडॉस. दोन गुन्हेगारांची जोडी. एक भाडोत्री सैनिक, दुसरा डोके फिरलेला, गोळ्या-औषधांवर असलेला. गर्स्टमनला ही माणसेच आवडली नाहीत. त्यांच्याविषयी काही वाटावे असे कथेत काही नाही, आणि साथीदारांना हुकूम देण्याची जी सोय गेममध्ये आहे ती असून नसल्यासारखी, अशी त्याची तक्रार. अनेकांनी मिळून दरोडा घालायचा आणि मग लुटीसाठी एकमेकांचा घात करायचा, असा एक ऑनलाइन प्रकार त्यात होता. त्या कल्पनेला त्याने मोकळेपणाने दाद दिली आहे. लिहिण्याचा सूर तिखट, आणि सोबतच्या व्हिडिओ परीक्षणात त्याहून तिखट.

पण गुण तिखट नाहीत. गेमस्पॉटच्या मोजपट्टीवर सहा म्हणजे ‘ठीक’. सगळ्या परीक्षकांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या मेटाक्रिटिकवर हा गेम शंभरात साठ-पासष्टच्या घरात आहे. म्हणजे गर्स्टमन घोळक्यातच उभा होता. एकटा पडून गेमला झोडपणारा तो नव्हता. मेटाक्रिटिक २००५ पासून सीनेट नेटवर्क्सच्या मालकीचे होते, आणि गेमस्पॉटचीही मालक तीच कंपनी. एकाच घराच्या एका खोलीत सहा गुण पडले आणि शेजारच्या खोलीतल्या हिशेबाने ते जवळजवळ बरोबर निघाले, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरा कागद चित्ररूप आहे. त्या दिवसांतल्या गेमस्पॉटच्या पानाच्या नकला अनेकांनी जपून ठेवल्या. त्यांत संकेतस्थळाने ‘केन अँड लिंच’चाच पेहराव चढवलेला दिसतो: मजकुराच्या भोवतीची सगळी पार्श्वभूमी त्या दोघा गुन्हेगारांच्या चित्रांनी व्यापलेली. अशी जाहिरात कोपऱ्यातल्या चौकटीसारखी नसते, ती घराला लावलेल्या रंगासारखी असते. वाचकाने मधल्या पांढऱ्या पट्ट्यात गेमवरची टीका वाचायची आणि नजर बाजूला गेली की त्याच गेमच्या नायकांनी त्याच्यावर पिस्तूल रोखलेले असायचे.

जाहिरातदार किती मोठा होता हे यातून कळते. त्याने काय केले, ते कळत नाही. रंग लावणाऱ्याने भाडेकरूला हाकलले, असे भिंतीकडे पाहून सिद्ध करता येणार नाही.

बातमी २९ आणि ३० नोव्हेंबरला फुटली. पेनी आर्केड या व्यंगचित्रमालिकेने त्यावर चित्र काढले आणि दोन दिवसांत प्रकरण जगभर झाले. संकेतस्थळाचा ‘केन अँड लिंच’चा पेहराव उतरला. त्याच सुमारास आणखी एक गोष्ट उघडकीला आली. आयडॉसने गेमच्या अधिकृत संकेतस्थळावर काही प्रकाशनांच्या नावापुढे पाच-पाच तारे झळकवले होते, आणि त्या प्रकाशनांनी परीक्षणात पाच तारे दिलेलेच नव्हते. बडतर्फीचा हा पुरावा होत नाही. पण वृत्तीचा दाखला म्हणून तो टिपून ठेवण्याजोगा आहे.

मग ५ डिसेंबरचा कागद. माझ्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत मोलाचा, आणि लोकांनी सर्वांत कमी लक्ष देऊन वाचलेला. बडतर्फीनंतर आठवड्याने गेमस्पॉटने आपल्याच बातमी विभागातर्फे प्रश्नोत्तरांच्या रूपात खुलासा प्रसिद्ध केला. अधिकृत खुलासा म्हटला की वाचक तो वरवर वाचतो. सारवासारवच असणार, असे धरून चालतो. सारवासारव त्यात आहेच. गर्स्टमनला काढण्याची नेमकी कारणे कायद्यामुळे सांगता येत नाहीत, असे म्हटल्यावर लगेच, ती कारणे अंतर्गत आहेत आणि कुठल्याही प्रकाशकाशी किंवा जाहिरातदाराशी त्यांचा संबंध नाही, असेही म्हटले आहे. दार बंद आहे, उघडता येणार नाही. पण आत अमुक माणूस नाही एवढे आम्ही सांगतो.

पुढे मात्र कंपनी अशा दोन गोष्टी कबूल करते ज्या कबूल करणे तिच्या सोयीचे नव्हते. साक्षीपुराव्यात अशा कबुलीचे वजन जास्त धरतात. पहिली: प्रसिद्ध झाल्यानंतर काही दिवसांनी परीक्षणाचा मजकूर बदलण्यात आला. कारण असे दिले आहे की वरिष्ठांना आणि संपादकीय विभागातल्या काही जणांना त्यातली नकारात्मकता ‘ठीक’ या शेऱ्याशी जुळणारी वाटली नाही. दुसरी: व्हिडिओ परीक्षण काढून टाकण्यात आले, कारण मायक्रोफोनमधल्या दोषामुळे आवाज खराब होता आणि गेमची दृश्येही अपुरी होती. गुण मात्र बदलले नाहीत, हे खुलाशात ठासून सांगितले आहे. आमच्या सचोटीचा हा पाहा पुरावा, अशा थाटात.

मायक्रोफोनची सबब खोटीच असेल असे मी म्हणणार नाही. मायक्रोफोन बिघडतात. पण बिघडलेला आवाज आणि बिघडलेला सूर हे दोन्ही एकाच परीक्षणाच्या वाट्याला यावेत आणि दोन्हींवरचा इलाज परीक्षण सौम्य होण्याच्या किंवा दिसेनासे होण्याच्याच दिशेने व्हावा, हा योगायोग जरा जास्तच आज्ञाधारक वाटतो.

गुण आणि शब्द यांचा मेळ बसत नसेल तर दोहोंपैकी काहीही बदलता आले असते. शब्द इतके कडक असतील तर सहाचे पाच करता आले असते. तो पर्याय कुणाच्या मनातही आलेला दिसत नाही. सहाचे सात करणे तर अशक्यच होते. तो आकडा पहिल्याच दिवशी मेटाक्रिटिकच्या सरासरीत जाऊन बसला होता, हजारो लोकांच्या तोंडी झाला होता. त्याला हात लावताच आरडाओरडा झाला असता. शब्दांना असा पहारा नसतो. परिच्छेदातले एक विशेषण गळाले तर कोण मोजणार? म्हणून आकडा शाबूत राहिला, मजकूर बदलला आणि मजकूर लिहिणारा गेला. त्या खुलाशात जी गोष्ट निर्दोषपणाचा पुरावा म्हणून पुढे केली आहे, तीच मला दबाव नेमका कुठे पडला हे दाखवणारी वाटते.

ही संपादकीय दुरुस्तीच होती, असेही कुणी म्हणेल. वृत्तपत्रात वरिष्ठ मजकुरावर हात फिरवतातच. खरे आहे, पण छापण्याआधी. आणि इथे ज्याच्या मजकुरावर हात फिरला तो उमेदवार बातमीदार नव्हता, संपादकीय विभागाचा संचालक होता. त्याच्या वर बसलेले आणि त्याच्या वाक्यांचा सूर तपासणारे हे ‘वरिष्ठ’ कोण, याचे उत्तर खुलाशात नाही. ते मिळायला २०१२ उजाडावे लागले.

त्याआधी एक जुने प्रकरण. वर्षभरापूर्वी, नोव्हेंबर २००६ मध्ये, याच गर्स्टमनने ‘झेल्डा: ट्वायलाइट प्रिन्सेस’ला ८.८ गुण दिले होते. नऊ का नाहीत, म्हणून वाचकांनी त्याला अक्षरशः फाडून खाल्ले. दोन दशांश गुणांसाठी माणसे इतकी पेटलेली मी तरी बोर्डाच्या निकालाच्या दिवशीच पाहिली आहेत. गेमस्पॉट तेव्हा हलले नाही. ८.८ तसेच राहिले, परीक्षणही तसेच, गर्स्टमनही. वाचकांचा राग सोसण्याची ताकद या संस्थेत होती, एवढे यावरून नक्की म्हणता येते. मग एका वर्षात काय पालटले? एक बदल तारखेसह नोंदलेला आहे: कार्यकारी संपादक ग्रेग कासाविन जानेवारी २००७ मध्ये गेमस्पॉट सोडून इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या गेम कंपनीत गेला. काल ज्यांचे गेम तपासायचे त्यांच्याच पदरी आज नोकरी. या धंद्यात ही वाट मळलेली आहे आणि तिच्याविषयी कुणी फारसे कुजबुजतही नाही. कासाविनच्या जाण्याने सारे बदलले, असा दावा मी करत नाही. वरच्या मजल्यावरची माणसे बदलत होती, एवढेच त्या नोंदीवरून म्हणायचे.

२००८च्या पूर्वार्धात राजीनाम्यांची रांग लागली. ॲलेक्स नवारो, रायन डेव्हिस, ब्रॅड शूमेकर, व्हिनी कॅराव्हेला. राजीनामा हाही दस्तऐवज असतो, फक्त जपून वाचावा लागतो. घटना कशी घडली ते त्यातून कळत नाही. आतल्या माणसांनी कुणावर विश्वास ठेवला ते कळते. यांनी कंपनीचा खुलासा वाचला होता, आणि खुलासा देणाऱ्यांना ते रोज कॉफीच्या यंत्राजवळ भेटतही होते.

गर्स्टमन आणि डेव्हिस यांनी त्याच वर्षी जायंट बॉम्ब हे संकेतस्थळ काढले. जुलैपर्यंत ते पूर्ण उभे राहिले. पाठीशी व्हिस्की मीडिया ही कंपनी होती आणि तिचा प्रमुख शेल्बी बॉनी. हा बॉनी सीनेटच्या संस्थापकांपैकी एक. कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांच्या तारखा मागे ओढल्याच्या प्रकरणात २००६ मध्ये त्याला मुख्याधिकाऱ्याचे पद सोडावे लागले होते. जुन्या घराने काढलेल्या संपादकाला जुन्या घरातून पायउतार झालेल्या धन्याने आसरा दिला. कादंबरीत हे वाचले असते तर लेखकाने जरा जास्तच जुळवून आणले, असे मी म्हटले असते. इकडे सीनेटही विकली गेली. मे २००८ मध्ये सीबीएस या माध्यम कंपनीने ती १८० कोटी डॉलरला घेण्याचे जाहीर केले.

या काळात गर्स्टमन गप्प होता. नोकरीवरून जाताना झालेल्या समझोत्याने त्याचे तोंड बांधलेले होते. तहाचे कलमच म्हणायचे, आणि तहाप्रमाणेच ते राज्य बदलल्यावर सुटले. मार्च २०१२ मध्ये सीबीएसने जायंट बॉम्ब विकत घेतले. म्हणजे ज्या घरातून काढले त्याच घरात गर्स्टमन परत आला, आणि त्या सौद्यात ते कलम उठले. १५ मार्चला तो गेमस्पॉटच्याच कॅमेऱ्यापुढे बसला आणि जॉन डेव्हिसनच्या प्रश्नांना उत्तरे देत बोलला.

ही बखर. घटनेनंतर चार वर्षांहून अधिक काळाने सांगितलेली, आणि नव्या धन्याच्या दरबारात सांगितलेली. जुने व्यवस्थापन निघून गेलेले, त्यामुळे त्याच्या माथी दोष मारणे सर्वांनाच सोयीचे. सांगणाऱ्याला त्या दिवशी जुन्या घरातून पुन्हा पगार सुरू झालेला. इतक्या सावधगिरीने वाचायला घेतली तरी ही बखर बऱ्यापैकी टिकते. लोकांच्या तोंडची लाडकी गोष्ट ती सांगत नाही, हे एक कारण. आयडॉसचा फोन आला आणि मी गेलो, असे गर्स्टमन म्हणत नाही. तो सांगतो ते महिन्यांचे: वरती नवी व्यवस्थापन मंडळी आली होती, संपादकीय कामाचा त्यांना अनुभव नव्हता, आणि गुण कमी पडल्यावर जाहिराती काढून घेण्याच्या धमक्या येतात तेव्हा काय करायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. शेवटच्या महिन्यांत त्याला पुन्हा पुन्हा खोलीत बोलावले गेले. ‘रॅचेट अँड क्लँक फ्यूचर’ या गेमला दुसऱ्या एका परीक्षकाने साडेसात गुण दिले, त्यावरूनही जाहिरातींचा प्रश्न उभा राहिला होता. तो गेम ऑक्टोबर २००७ मधला. ‘केन अँड लिंच’ आला तोवर दोरी ताणलेलीच होती.

आता ही बखर ५ डिसेंबरच्या खुलाशाशेजारी ठेवावी. खुलासा म्हणतो, मजकूर वरिष्ठांच्या सांगण्यावरून बदलला. बखर सांगते, ते वरिष्ठ कोणत्या जातकुळीचे होते. खुलासा म्हणतो, कारणे अंतर्गत. बखरही एका अर्थी तेच म्हणते, कारण धमकीपुढे वाकलेली माणसे कंपनीच्या आतलीच होती. ‘कुठल्याही जाहिरातदाराशी संबंध नाही’ एवढ्या एकाच वाक्यावर दोघांचे पटत नाही, आणि तिथे मी बखरीच्या बाजूने आहे. कारण मजकुरातला तो बदल. जाहिरातदाराची भीती नसलेल्या व्यवस्थापनाने छापून झालेले, रास्त गुणांचे, चारचौघांसारखे एक परीक्षण उघडून त्यातली विशेषणे का मोजावीत, याचे दुसरे उत्तर मला सापडत नाही.

आयडॉसने बडतर्फीचा हुकूम दिला, असे म्हणायला मात्र हे कागद पुरत नाहीत. दिला असता तर प्रकरण साधे होते. जाहिरातदार ओरडणारच, ओरडणे हा त्याच्या कामाचाच भाग. तो ओरडा आणि लिहिणारा यांच्यामध्ये कुणीतरी उभे असावे लागते, आणि २००६ ते २००७ या वर्षात ती जागा रिकामी झाली होती, असे या कागदांवरून दिसते.

याच छपराखाली पुढे आणखी एक प्रकरण घडले, आणि त्यात तर काही ओळखत बसण्याची गरजच नाही. जानेवारी २०१३, लास व्हेगासचे ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रदर्शन. तिथले सर्वोत्तम उपकरण निवडण्याचा मान सीनेटच्या संपादकांकडे होता. त्यांनी डिश कंपनीचे ‘हॉपर’ हे दूरचित्रवाणीचे यंत्र निवडले. डिशशी सीबीएसचा खटला चालू होता. सीबीएसने ते यंत्र निवडीतून काढायला लावले. पारितोषिक ‘रेझर एज’ या गेमिंग टॅबलेटला गेले, आणि खटल्यामुळे हॉपर विचारात घेतले नाही, अशी टीप छापली गेली. संपादकांनी ते आधीच निवडले होते, ही गोष्ट टीपेत नव्हती. ती बाहेर आली तेव्हा ग्रेग सँडोव्हल या वार्ताहराने राजीनामा दिला, सीनेटच्या मुख्य संपादिकेने लेख लिहून घडला प्रकार सांगितला, आणि प्रदर्शनाच्या आयोजकांनी हॉपरलाही विजेता जाहीर करून सीनेटकडून निवडीचे काम काढून घेतले. इथे बाहेरच्या जाहिरातदाराचा संबंधच नव्हता. खुद्द मालकानेच हात घातला होता. गर्स्टमनचे २०१२ चे निवेदन ऐकून ज्यांनी नव्या मालकाला प्रशस्तिपत्र दिले असेल, त्यांना ते दहा महिन्यांत परत घ्यावे लागले.

शेवटचे कागद सरकारी आहेत. एव्हाना गेम कंपन्यांचा पैसा लेखी परीक्षणांकडून यूट्यूबवर खेळून दाखवणाऱ्यांकडे वळला होता. सप्टेंबर २०१४ मध्ये वॉर्नर ब्रदर्सचा ‘शॅडो ऑफ मॉर्डोर’ हा गेम आला आणि त्याच्या प्रचारासाठी अशा अनेकांना पैसे दिले गेले. कुणाला शेकड्यांत, कुणाला हजारो डॉलर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याची चौकशी केली. जुलै २०१६ मध्ये जाहीर झालेल्या तिच्या तक्रारीत करारातल्या अटी नोंदलेल्या आहेत. गेमविषयी किंवा कंपनीविषयी नकारात्मक भाव व्यक्त करायचा नाही. गेममधले दोष, बिघाड दाखवायचे नाहीत. पैसे घेतल्याचा उल्लेख व्हिडिओखालच्या वर्णनात करायचा. आणि त्या वर्णनात तो अशा जागी असे की प्रेक्षकाने ‘आणखी दाखवा’वर टिचकी मारल्याशिवाय दिसू नये. हे व्हिडिओ मिळून ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले. त्यांतला प्यूडीपाय या एकट्या यूट्यूबरचा ३७ लाखांहून अधिक वेळा. या तक्रारीच्या आदल्या वर्षीचे, मशिनिमा ही व्हिडिओ कंपनी आणि एक्सबॉक्स वन हे गेमयंत्र यांचे प्रकरणही याच जातीचे. त्यातल्या तक्रारीत दोघांना दिलेल्या रकमा थेट लिहिल्या आहेत: एकाला १५,००० डॉलर, दुसऱ्याला ३०,०००.

महाराष्ट्राला या गोष्टीचे नवल वाटू नये. २००९च्या विधानसभा निवडणुकीनंतर ‘पेड न्यूज’ हा शब्द आपल्याकडे गावोगाव पोचला, आणि तेव्हाही वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत आलेला सारखाच मजकूर शेजारी शेजारी ठेवूनच लोकांनी तो ओळखला होता.

वॉर्नरच्या त्या तक्रारीकडे परत यायचे तर, ती वाचताना मला राहून राहून ५ डिसेंबरचा खुलासा आठवत होता. २००७ मध्ये विशेषणे छापून झाल्यावर गाळावी लागली आणि त्यासाठी मायक्रोफोनची सबब काढावी लागली. २०१४ मध्ये ती लिहिण्याआधीच करारातून गाळलेली होती, सबब लागली नाही. आणि बदलायला अवघड असा सहासारखा एखादा आकडाही वाटेत नव्हता, कारण त्या व्हिडिओंत गुण द्यायचेच नव्हते.